दहा हजार फुटांवरचा चंद्रोदय

"आज चंद्र किती वाजता गं?" आईनं विचारलं.

मी नुकतीच कामावरून आले होते आणि दारात बसून बूट काढत होते. गेला आठवडाभर मी याच प्रश्नाची धास्ती घेतली होती, त्यामुळे बुटाची गाठ सुटली तरी मी ती सोडवतच राहिले.

"आई, आज चंद्र नाही."

"नाही म्हणजे? बाहेर तर लख्ख आहे. ढग येणार आहेत का?"

"ढग नाहीत, चंद्रच नाही. इथं या दिवसांत सूर्य मावळत नाही, ते तू बघतेच आहेस. तसाच चंद्र उगवत नाही. क्षितिजाच्या खालूनच सरकतो आणि जातो. अजून तीन-चार दिवसांनी दिसेल."

आईनं हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. शेगडीवर मोदक उकडत होते, मोजून एकवीस.

"आणि हे तू मला संकष्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता सांगतेस?"

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा कॅनडाच्या पार उत्तरेला, एका छोट्या विमान कंपनीत सहवैमानिक होते. नोकरी धरून पावणेदोन वर्षं झाली होती आणि आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. तिथल्या गावांची नावं काही तिच्या जिभेवर बसेनात. मग आल्या दिवशीच तिनं त्यांचं बारसं उरकून टाकलं. मी राहायचे ते वरचं गाव, आणि माझं विमान रोज सकाळी दक्षिणेला जिथं जायचं ते खालचं गाव. दोन्हींच्या मध्ये रस्ता असा नव्हताच. गोठलेली खाडी, डोंगर, पुन्हा गोठलेली खाडी. विमानानं तीनशे चार किलोमीटर, एक तास दहा मिनिटं.

"म्हणजे कराड-मुंबईच की," आई म्हणाली होती. "मध्ये कुठं थांबतं?"

"आई, विमान आहे ते."

"असू दे. माणसाला लघवीला लागलं तर?"

 आमच्या एकोणीस आसनांच्या विमानात संडास खरोखरच नव्हता.

आईचं नाव शालन. बाबा गेल्यावर तिनं कराडात शिवणाचे क्लास घेऊन मला आणि मकरंददादाला वाढवलं. अर्ध्या कराडच्या मुली तिच्या हाताखाली शिकल्या, शिकले नाही ती मी. म्हणजे शिकले, पण माझी टीप आईनं कधी टिकू दिली नाही. मी शिवायचं, तिनं उसवायचं आणि स्वतः पुन्हा शिवायचं. मी गॅस बंद केला की ती उठून बघून यायची. मी कुलूप लावलं की ती ओढून बघायची. रागानं नव्हे हो, नुसती सवय! पण माझ्या हातून झालेलं काम तिच्या हातून गेल्याशिवाय झालं असं आमच्या घरात कधी धरलंच गेलं नाही.

त्यामुळे आई माझ्या विमानात बसली नव्हती. कराडहून इथवर ती चार विमानं बदलून आली होती आणि चारही परक्या माणसांनी चालवली होती. शेवटचा टप्पा माझ्या विमानानं करता यावा म्हणून मी कामाचे दिवस बदलून घेतले, तर तिनं दादाकडून तिकीटच आदल्या दिवशीचं काढून घेतलं. परतीचंही माझ्या सुट्टीच्या दिवसाचं. मी विचारलं तर म्हणाली, "परक्याच्या विमानात मी डोळे मिटून रामरक्षा म्हणते. तुझ्या विमानात मला डोळे मिटता यायचे नाहीत." मी हसले, पण मला ते लागलं होतं. गावातली सगळी माणसं माझ्या विमानातून दवाखान्याला जातात, बाळंतपणाला जातात, आणि माझ्या आईला माझा भरवसा नाही!

त्यात ही संकष्टी. दादानं मला केव्हाच सांगितलं होतं, "वृंदे, आईनं तुझ्यासाठी एकवीस संकष्ट्या बोलल्यात." मी इथं नोकरीला आले त्याच महिन्यात तिनं सुरुवात केली होती. आजची एकविसावी. चुकली तर पहिल्यापासून. काय मागितलंय म्हणून मी तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तिनं सांगितलं की नवस फेडून होईपर्यंत बोलायचा नसतो. पण न बोललेलं मला कळत नव्हतं थोडंच? पुण्याच्या एका मुलाचा फोटो तिच्या पर्समध्ये होता. पोरीनं हे उडणं सोडावं, घरी यावं, चार माणसांसारखं राहावं, एवढंच असणार. दुसरं काय मागणार ती?

तेव्हा खरं सांगायचं तर, चंद्र नाही हे कळल्यावर माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात थोडं बरंही वाटलं होतं.

सव्वापाचला आम्ही दादाला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. तो झोपेतच होता, पण आईचा आवाज ऐकून ताडकन उठला.

"आई, त्यात काय? दिनदर्शिकेत आपल्याकडचा चंद्रोदय दिलाय, त्या वेळेला सोड."

"चंद्र तिकडे उगवणार आणि जेवणार मी इकडे?"

"बरं, मग मी गच्चीवर जातो आणि व्हिडिओवर दाखवतो."

"फोनमधला चंद्र बघायचा, तर मोदकही फोनमधलेच खाते की."

"अगं, तू थांबशील तोवर पंचमी लागेल!"

"लागू दे. मी उपास चतुर्थीला धरलाय, चंद्र दिसल्यावर सोडणार. मधल्या तिथ्यांशी मला काय करायचंय?"

दादानं हात टेकले आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "सकाळी दूर्वा मिळाल्या नाहीत तेव्हा गणपतीला चालवून घे म्हणालीस. मग दूर्वांना सूट आणि चंद्राला नाही, असं कसं?"

"दूर्वा ही त्याची आवड, वृंदा. तो समजून घेईल. चंद्र बघून सोडीन हा माझा शब्द आहे. तो मीच कसा मोडू?" ती शांतपणे म्हणाली. "तीन-चार दिवस म्हणालीस ना? साबुदाणा आहे, शेंगदाणे आहेत. राहीन मी."

सहासष्ट वर्षांची बाई, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, आणि चार दिवस साबुदाण्यावर राहणार म्हणे! बोलून उपयोग नव्हता. आई एकदा बसली की बसली.

मी माझ्या खोलीत गेले आणि कागद घेऊन बसले. वैमानिकाला चंद्रसूर्याचं गणित थोडंफार येतं. उद्या चंद्र आमच्या दक्षिणेला साडेपाचच्या सुमारास सगळ्यात वर येणार होता. सकाळच्या. आणि तेव्हाही वरच्या गावातून तो बराच खाली राहणार होता. खालच्या गावात काठाला जेमतेम टेकला असता, पण तिथं दक्षिणेला डोंगर आडवा. म्हणजे जमिनीवरून कुठूनच नाही. मग मी उंची मांडली. गच्चीवर चढलं की पलीकडची गल्ली दिसते, तसं उंच गेलं की क्षितिज खाली जातं. दहा हजार फुटांवरून, अर्धी वाट ओलांडल्यावर, उतरायला लागण्याच्या आधी, चंद्र क्षितिजाच्या किंचित वर येत होता. मी आकडे पुन्हा तपासले. जेमतेम पंधरा-वीस मिनिटं होती, पण होती.

आणि वरच्या गावाहून खालच्या गावाला जाणारं विमान रोज सकाळी पाचला सुटायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर मीच होते.

तो कागद मी घडी करून खिशात घातला. वाटलं, गप्प बसावं. तिला कोण सांगणार आहे? नवस पुरा झाला आणि उद्या तिनं पदर पसरून, "आता चल घरी" म्हटलं, तर मी काय करणार होते? माझ्याच पायावर मी का म्हणून धोंडा पाडून घ्यायचा? असा अर्धा तास गेला. मग स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. आई एकवीसच्या एकवीस मोदक डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवत होती. एकही मोदक चाखला नव्हता, आणि तोंडावर तक्रारीचं नाव नाही. मला माझीच लाज वाटली.

"आई, चंद्र दाखवते तुला," मी म्हटलं. "पण माझ्या विमानात बसावं लागेल."

मी कागद उलगडून तिला सगळं सांगितलं. ती चष्मा लावून ऐकत होती, जणू तिला त्या आकड्यांतलं कळतच होतं.

"हे गणित कुणी केलं?"

"मी."

"कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"मग दाखव," आई म्हणाली आणि चष्मा काढला.

मी दात-ओठ खाऊन कॅप्टन जोनासींना फोन लावला. ते त्याच भागातले, पन्नाशीचे, बोलायला कमी आणि हसायला पुढे. बत्तीस वर्षं तिथं उडत होते. मी त्यांना संकष्टी समजावून सांगितली. कशी सांगितली ते विचारू नका. त्यांनी खात्री करून घेतली.

"म्हणजे तुझी आई चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही?"

"हो."

"आणि आमच्या गावात आली ती नेमकी जूनमध्ये?"

"हो, कॅप्टन."

ते इतके हसले, इतके हसले की फोन मला कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांनी माझे आकडे विचारून घेतले, स्वतः मांडून बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहेत. उद्या समोरचा वारा आहे, सव्वा तास लागेल. रोज त्या वाऱ्याला आपण शिव्या देतो. उद्या तुझ्या आईला पाच मिनिटं जास्त मिळतील."

मी फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती.

"काय म्हणाला?"

"गणित बरोबर आहे म्हणाले."

आई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर उन्हात बर्फ चमकत होता. मग पाठमोरीच म्हणाली, "स्वेटर दोन घालू की तीन?"

सकाळी पाऊण तास आधी मी तिला विमानतळावर आणलं. विमानतळ म्हणजे एक खोली, एक काउंटर आणि वजनाचा काटा. आई नऊवारीवर तीन स्वेटर आणि वरून माझा जाड कोट अशा थाटात, मांडीवर डबा, तांब्या आणि पूजेची पिशवी घेऊन बसली होती. प्रवासी आणखी तिघंच होते. सुट्टीला निघालेलं एक शिक्षक जोडपं, आणि नातवाला भेटायला चाललेले एक आजोबा.

मी विमानाला फेरी मारून एकेक गोष्ट तपासत होते. पंख, चाकं, इंधन. मागे वळून बघितलं तर आई खिडकीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता बाहेर येऊन ही सगळं पुन्हा तपासणार!

पण ती आली नाही. जिन्याची प्रत्येक पायरी मात्र तिनं आधी पायानं दाबून बघितली. मी तिला पहिल्या रांगेत, डाव्या खिडकीशी बसवलं. आमच्या त्या विमानात वैमानिक आणि प्रवासी यांच्यामध्ये दार नसायचं, नुसता पडदा. तो मी बाजूला बांधून ठेवला. उजव्या खुर्चीवरून मान वळवली की आई दिसत होती.

"जाताना तू ने आणि तूच उतरव, येताना मी," जोनासी म्हणाले.

धावपट्टी खडीची. विमान खडखडत पळालं आणि सुटलं. मी मागे बघितलं नाही. खरं म्हणजे, बघायची माझी हिंमत झाली नाही.

अर्ध्या वाटेवर, पाच वाजून सदतीस मिनिटांनी, जोनासींनी पुढच्या काचेवर बोट टेकवलं. समोर बर्फाच्या पांढऱ्या रेघेवर एक फिकट, खालून चेपलेल्या लाडवासारखा तुकडा आला होता. भर उन्हात. मी ओरडणारच होते, पण जोनासींनी रेडिओवर बोलायला सुरुवात केली होती.

"समोरचा तो ढग टाळण्यासाठी जरा उजवीकडे वळतोय," त्यांनी गंभीरपणे कळवलं.

आकाशात औषधालाही ढग नव्हता. मी अलगद विमान उजवीकडे वळवलं आणि चंद्र सरकत सरकत डाव्या खिडकीत गेला.

"आई! तुझ्या खिडकीत बघ!"

आईनं बघितलं. काही क्षण ती नुसतीच बघत राहिली, मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. असं हसू मी तिच्या तोंडावर बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं. तिनं पिशवीतून वाटी काढली, मांडीवर धरली, चंद्राला हळदकुंकू दाखवलं, अक्षता वाहिल्या आणि तांब्यातलं पाणी पळीनं तीनदा त्या वाटीत सोडलं. इंजिनाच्या आवाजात तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. विमान जरासुद्धा हलू नये म्हणून मी श्वास धरून बसले होते. आयुष्यात इतकं सरळ विमान मी पुन्हा कधी चालवलं नाही.

मग तिनं डबा उघडला. गणपतीच्या नावानं एक मोदक वेगळा काढला आणि दुसरा तोंडात घातला.  मग डबा फिरला. शिक्षिकाबाईंनी दोन घेतले. आजोबांनी एक खाल्ला, खाणाखुणांनी आणखी एक नातवासाठी मागितला, तर आईनं त्यांच्या हातात तीन ठेवले. जोनासींना तिनं स्वतः पुढे वाकून दिला. त्यांनी तो अख्खा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हे प्रत्येक महिन्याला असतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चंद्र मी दर महिन्याला शोधून देईन."

वाऱ्यामुळे आणि त्या नसलेल्या ढगामुळे आम्हाला एक तास एकोणीस मिनिटं लागली. खालच्या गावाची धावपट्टी आखूड, दोन्हीकडून डोंगर आणि समोरून वारा. उतरताना विमान चांगलं हलत होतं. मला वाटलं, आई आता रामरक्षेला लागली असणार. शेवटच्या वळणावर, विमान सरळ झाल्यावर, मी एकच क्षण मान वळवली.

आई झोपली होती. मान खिडकीवर टेकलेली, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. रात्री गॅस, दार, नळ तीन-तीनदा बघून मगच अंग टाकणारी माझी आई, माझ्या हातातलं विमान खाली उतरत असताना गाढ झोपली होती.

मी पुढे बघितलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, आणि जोनासींनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. चाकं जमिनीला लागली ती कळलीसुद्धा नाहीत.

"उतरलो?" विमान थांबल्यावर आई दचकून जागी झाली. "उतरतोय असं वाटलंच नाही गं."

सामान उतरवून चढवायला पाऊण तास होता. आम्ही दोघी विमानतळाच्या भिंतीला टेकून उन्हात उभ्या राहिलो. आई उरलेले मोदक मोजत होती. मी ठरवलं, आता विचारायचंच. जे व्हायचं ते होऊ दे.

"आई, फिटला ना नवस? आता सांग. मी नोकरी सोडून घरी यावं म्हणून बोलली होतीस ना?"

आईनं डब्याला झाकण लावलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी परक्या भाषेत बोलत होते.

"तुझी नोकरी मी कशाला मोडू? तुला इथं यायला पाटल्या मोडून दिल्या त्या काय तू परत यावीस म्हणून?"

"मग एकवीस संकष्ट्या कशासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. मग कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाली, "तू इथं आलीस आणि रात्री-अपरात्री मला वाटायचं, तुझ्या हातून काही चुकेल, मी बघायला तिथं नाही. झोप नाही की काही नाही. लोक म्हणाले, पोरीला परत बोलव. मी गणपतीपुढे बसले आणि म्हटलं, देवा, तिला खाली आणू नकोस. मला तिच्या हातावर भरवसा ठेवायची बुद्धी दे. एवढी म्हातारी झाले, पण पोरीच्या हातात काही द्यायचं म्हटलं की माझा हात मागे येतो. तो येऊ नये एवढंच मागितलं. वीस संकष्ट्या झाल्या तरी काही फरक नव्हता बरं का! काल रात्रीपर्यंत नव्हता."

"आणि तो पुण्याचा मुलगा?"

"तो माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या, सुलभाच्या क्लासमधली शिलाई मशीनं दुरुस्त करतो. त्याच्या दुकानाचं कार्ड आहे ते, मागे फोन नंबर आहे."

मी हसायला लागले ते थांबेचना. आई म्हणाली, "एवढं हसायला काय झालं?" आणि मग तीही हसायला लागली. आम्ही दोघी त्या भिंतीला धरून हसत होतो, आणि हसता हसता मी तिच्या तीन स्वेटरांत तोंड खुपसून रडले. ती नुसतं थोपटत राहिली.

तेवढ्यात जोनासी हातात कागद घेऊन आले. निघायची वेळ झाली होती.

"आता परत हा चालवणार?" आईनं मला विचारलं.

"हो. जाताना मी, येताना ते, असं ठरलंय."

"ते का?" आई म्हणाली. "त्याला म्हणावं, बस जरा आरामात. माझी पोरगी चालवेल."

"काय म्हणाल्या?" जोनासींनी विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि हातातला कागद माझ्या हातात ठेवला.

परतीचं विमानही मीच नेलं. वारा आता पाठीशी होता. तीनशे चार किलोमीटरला त्या दिवशी फक्त एक तास तीन मिनिटं लागली आणि आई उतरताना कुरकुरली की एवढ्यात कसं काय आलो.